एकच उपग्रह : ध्रुवावरचा बर्फ आणि घोडकाठची माती

घोडकाठचे शिरूर आणि भीमाकाठचे दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील कमी पावसाचे तालुके. इथल्या शेतातला ओलावा आणि अंटार्क्टिकावरचा बर्फ, दोन्ही एकाच साधनाने पाहता येतात. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेला 'निसार' हा भारत-अमेरिकेचा उपग्रह त्यासाठीच आहे.

हे कसे जमते? पृथ्वीचा गोल घेऊ. दोन्ही ध्रुवांजवळून जाणारे एक कडे त्याभोवती स्थिर धरू आणि गोल सावकाश फिरवू. एकेक प्रदेश कड्याखालून जाताना दिसेल. निसार ७४७ किलोमीटर उंचीवरून सुमारे १०० मिनिटांत अशी एक फेरी करतो आणि १२ दिवसांनी पुन्हा त्याच वाटेवर येतो.

ध्रुवावर महिनोन्‌महिने रात्र, आपल्याकडे पावसाळी ढग. साधा कॅमेरा दोन्हीकडे अडतो. निसार मात्र स्वतः रेडिओलहरी सोडतो आणि परतलेल्या लहरी टिपतो. त्यांना ना उजेड लागतो, ना ढग अडवतात. त्याच्या एका रडारची तरंगलांबी सुमारे २४ सेंटिमीटर आहे. बर्फ उपग्रहाच्या दिशेने १२ सेंटिमीटर सरकला, तर जाण्या-येण्याचे मिळून अंतर २४ सेंटिमीटरने, म्हणजे नेमके एका लहरीने घटते. लहरीचा लहानसा अंशही मोजता येत असल्याने हिमनदीची हालचाल कळते. ओली माती कोरडीपेक्षा लहर अधिक जोराने परतवते. त्यावरून ओलावा अजमावतात.

हिमनद्या वेगाने समुद्रात उतरल्या, तर पाण्याची पातळी मुंबई-कोकणातही वाढते. म्हणून ही मोजणी वर्षानुवर्षे चालायला हवी. पण माणसे तिथे नेली की जहाज, डिझेल आणि कचरा आलाच. अंटार्क्टिकाचे पर्यावरण जपण्याचा करार १९९१ साली माद्रिदला झाला, तो यासाठीच. उपग्रह कक्षेत गेल्यावर त्याची उपकरणे सूर्यप्रकाशावर चालतात.

तरीही आकाशातल्या आकड्यांना जमिनीवरचा पडताळा लागतो. अंटार्क्टिकावर 'मैत्री' (१९८९) आणि 'भारती' (२०१२) ही आपली केंद्रे आहेत. त्यांची व्यवस्था गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र पाहते.

असा पडताळा शाळेतही घेता येईल. शेतातली १०० ग्रॅम माती पूर्ण वाळवून पुन्हा तोलावी. ८० ग्रॅम भरली, तर २० ग्रॅम पाणी होते. दर १२ दिवसांनी, त्याच जागी, त्याच खोलीवरची माती घेऊन वर्षभर नोंद ठेवावी. बदल ओळखायचा तर एक मोजणी पुरत नाही, हे ध्रुवाइतकेच शिरूर-दौंडलाही लागू आहे.