मुक्त-स्रोत घड्याळ निवडताना

‘पेबल’ या स्मार्टवॉच बनविणाऱ्या कंपनीने डिसेंबर २०१६ मध्ये गाशा गुंडाळला. जून २०१८ मध्ये तिचे सर्व्हरही बंद झाले. घड्याळे धड होती, पण हवामान, श्रुतलेखन यांसारख्या सोयी थांबल्या. ‘रेबल’ या स्वयंसेवकांच्या गटाने पर्यायी सेवा उभारली, म्हणून ती पुढे उपयोगी राहिली.

तेव्हा घड्याळ घेताना पहिला प्रश्न असा विचारावा : त्याची आज्ञावली कुणालाही वाचता व बदलता येते का? अशा आज्ञावलीला मुक्त-स्रोत म्हणतात. ‘पाइनटाइम’ आणि ‘बँगल.जेएस २’ ही अशी दोन घड्याळे. पहिले सुमारे २७ डॉलरचे; दुसरे त्याच्या दुपटीहून महाग, पण त्यात जीपीएस आहे.

दुसरा प्रश्न : मोजमाप कोठे होते? पाइनटाइममध्ये पावले त्वरणमापक चिपच मोजते. तिची रीत आपल्याला दिसत नाही. बँगलमध्ये चिप फक्त त्वरणाचे आकडे देते. त्यांतून पाऊल ओळखते ती खुली आज्ञावली. विद्यार्थ्यांना १०० पावले मोजून चालायला सांगा. घड्याळाचा आकडा वेगळा आला, तर कारण आज्ञावलीतच शोधता येईल.

तिसरा प्रश्न : बदल फसला तर? पाइनटाइमच्या ‘इन्फिनिटाइम’मध्ये नवी आवृत्ती आपण पक्की केली नाही, तर घड्याळ पुन्हा सुरू होताना जुनी परत येते.

वेळ, फोनवरील सूचना व नाडीचा अंदाज एवढेच हवे असेल, तर पाइनटाइम पुरे. वर्गात उलगडून दाखवायचे असेल, तर बँगलचे जादा पैसे वाया जाणार नाहीत.