सोडलेल्या फेरीचा हिशेब

ऑगस्ट 2019. मुसळधार पावसामुळे लोकल विरार स्थानकात अडकून पडली होती आणि डब्यातल्या एका गर्भवतीला कळा सुरू झाल्या होत्या. नवरा मदत शोधत बाहेर धावला. एका रिक्षाचालकाने रिक्षा थेट फलाटावर आणली, तिला बसवले आणि रुग्णालय गाठले. पुढे रेल्वे सुरक्षा दलाने याच चालकाला अटक केली आणि न्यायालयाने समज देऊन सोडले. फलाटावर वाहन नेणे हा गुन्हाच. पण त्या घटकेला तिथे दुसरे कोणते वाहन होते?

विरार 2014 पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होते. त्यामुळे ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या रहिवाशांना हा प्रसंग परका वाटणार नाही. सुट्टे नसले की ‘राहू द्या, उद्या द्या’ म्हणणारे रिक्षावाले काका इथे प्रत्येकाला भेटलेले असतात. शेवटच्या लोकलने उतरलेली मुलगी इमारतीच्या फाटकातून आत जाईपर्यंत दिवा चालू ठेवून थांबणारे चालक आहेत. विसरलेली दागिन्यांची पिशवी पोलीस ठाण्यात आणून दिल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. रात्री रुग्णाला डोंबिवलीच्या शास्त्रीनगर किंवा कल्याणच्या रुक्मिणीबाई रुग्णालयात न्यावे आणि तिथे ‘कळव्याला हलवा’ असे सांगितले जावे, तेव्हा कुरकुर न करता पुन्हा रिक्षा सुरू करणारेही आहेत.

याला आपण ‘माणुसकी’ म्हणतो आणि पुढे जातो. पण या माणुसकीची किंमत रुपयांत मोजता येते, आणि ती मोजायला हवी.

रांगेतला नंबर

फेब्रुवारी 2025 पासून मुंबई महानगर प्रदेशात रिक्षाचे किमान भाडे पहिल्या दीड किलोमीटरला 26 रुपये आहे आणि पुढच्या प्रत्येक किलोमीटरला 17 रुपये 14 पैसे. म्हणजे सहा किलोमीटरच्या फेरीचे शंभराच्या थोडे वर होतात. मध्यरात्रीनंतर पाव पट जास्त. ही फेरी फुकट सोडली, तर चालकाचे तेवढेच जातात असे नाही. सीएनजी जळतो आणि परतीचा रस्ता रिकामा जातो. शेअरच्या थांब्यावर तर त्याचा नंबरही जातो. गर्दीच्या वेळी अर्धा तास रांगेत घालवून तो पुढे आलेला असतो आणि परतल्यावर पुन्हा सर्वांत मागे लागतो. रिक्षा स्वतःची नसेल, तर मालकाचे रोजचे भाडे त्या दिवशीही चुकत नाही.

म्हणूनच करोनाकाळ आठवावा. आधी रिक्षा बंद, मग दोनच प्रवाशांची परवानगी. 2021 च्या निर्बंधांत राज्य सरकारने परवानाधारक चालकांना 1500 रुपयांची मदत जाहीर केली, यावरून त्यांची अवस्था कळते. तरीही त्याच काळात पुण्यातल्या एका तरुण रिक्षाचालकाने लग्नासाठी साठवलेले दोन लाख रुपये स्थलांतरित मजुरांच्या जेवणावर खर्च केले. मुंबईत एक शिक्षक स्वतःच्या रिक्षातून करोना रुग्णांना मोफत ने-आण करत होते. शिल्लक असलेल्यातून देणे वेगळे आणि चालू दिवसाच्या कमाईतून काढून देणे वेगळे.

ओळखीचा थांबा

हे औदार्य येते कुठून? एक उत्तर शेअर रिक्षाच्या रचनेत आहे. कल्याण-डोंबिवलीत मीटरपेक्षा सीटचा दर चालतो. स्टेशनबाहेर ठरलेला थांबा, ठरलेला मार्ग, तीन प्रवासी भरले की रिक्षा निघते. रोज तेच चालक आणि बरेचसे तेच प्रवासी. कोणाचा मुलगा दहावीला आहे, कोणाच्या आईचे डायलिसिस चालू आहे, हे चालकाला माहीत असते. अशा ओळखीत उधारी चालते आणि अडचणीला हाकही मारता येते.

ॲपवरच्या फेरीत ही ओळख नसते. चालक आणि प्रवासी बहुधा पुन्हा भेटत नाहीत. तिथे वाहनाचा माग राहतो, भाडे आधी कळते, तक्रार नोंदवता येते. रात्री एकटीने प्रवास करणाऱ्या बाईला याचा मोठा आधार आहे. पण अनोळखी माणसासाठी ॲपवरचा चालक जेव्हा वाट वाकडी करतो, तेव्हा त्याच्यामागे रोजच्या ओळखीचे बळही नसते. त्याचे श्रेय म्हणून अधिकच.

भाडे नाकारणे, जादा पैसे मागणे, चौथी सीट कोंबणे या तक्रारी खऱ्या आहेत आणि त्यांवर कारवाई व्हायलाच हवी. मात्र त्या तक्रारींमुळे सगळ्यांना एकाच तराजूत तोलले, तर रात्री दीड वाजता थांबणाऱ्याचे आपण काही देणे लागतो हेच विसरतो.

कायद्याचे छत्र

2016 साली सर्वोच्च न्यायालयाने अपघातग्रस्तांना मदत करणाऱ्यांना संरक्षण दिले. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 134-अ आले. अपघातातल्या जखमीला रुग्णालयात नेणाऱ्याला आता नाव-पत्ता सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. गंभीर जखमीला पहिल्या तासाभरात रुग्णालयात पोहोचवणाऱ्यासाठी केंद्राचे बक्षीस 5 हजारांवरून 25 हजार रुपये झाले आहे. ही माहिती प्रत्येक थांब्यावर मराठीत लावलेली असावी.

पण हे छत्र रस्त्यावरच्या अपघातापुरते आहे. कळा सुरू झालेली बाई, हृदयविकाराचा झटका आलेले आजोबा त्यात बसत नाहीत. 108 ची रुग्णवाहिका येईपर्यंत जो चालक त्यांना उचलतो, तो स्वतःच्या जबाबदारीवर उचलतो.

एकेकाळी ठाण्यात रिक्षा चालवणारे एकनाथ शिंदे राज्याचे मुख्यमंत्री झाले. रिक्षा-टॅक्सी चालकांसाठी आनंद दिघे यांच्या नावाचे कल्याणकारी मंडळही स्थापन झाले. या मंडळाने, संघटनांनी आणि परिवहन कार्यालयांनी मिळून एक साधा नियम करावा: रुग्णाला घेऊन गेलेल्या चालकाला परतल्यावर रांगेत त्याचाच नंबर मिळावा. या नियमाला एक रुपयाही खर्च नाही.

आणि प्रवाशांनीही आपला वाटा उचलावा. रुग्णालयाच्या दारात घाईत उतरलेले नातेवाईक चालकाला विसरतात, ते समजण्यासारखे आहे. पण त्याचा क्रमांक लिहून ठेवावा. दुसऱ्या दिवशी थांब्यावर जाऊन जाण्या-येण्याचे भाडे त्याच्या हातात द्यावे आणि पेशंट कसा आहे तेही सांगावे. तो पैसे घेणार नाही कदाचित, तरी द्यावेत. त्याने सोडलेल्या फेरीचा भार एकट्या त्याच्यावर राहिला नाही, तरच पुढच्या रात्री तो पुन्हा थांबू शकेल.