करवतीची हलती मूठ
हत्यारांची निगा : लेखांक ९

मागच्या लेखांकात करवतीच्या दातांना धार लावण्याचं पाहिलं. पण दात कितीही तेज असले तरी मूठ हलत असेल तर करवत रेघ सोडणारच. हाताचा जोर पात्यापर्यंत पोचण्याआधी मुठीतच जिरतो. अशा वेळी बोल्ट ढिला झाला म्हणून आपण पेचकस शोधतो. दोष मात्र बहुतेक वेळा लाकडाचा असतो. हवेतल्या ओलाव्याने पोलाद फुगत नाही की आकसत नाही. लाकूड दोन्ही करतं. हवेची सापेक्ष आर्द्रता बराच काळ ८५ टक्क्यांच्या आसपास राहिली तर लाकडात सुमारे १८ टक्के ओल मुरते, ३० टक्क्यांवर ती ६ टक्क्यांपर्यंत उतरते. कोकणातला श्रावण आणि विदर्भातला वैशाख यांच्यात जवळपास एवढंच अंतर आहे. बीचची दोन-सव्वादोन सेंटिमीटर जाडीची मूठ एवढ्या फरकाने अर्धा मिलिमीटर तरी बारीक होते. सागवानाची त्याहून कमी. बोल्टाची लांबी तेवढीच राहते, म्हणून मूठ खेळू लागते. मूठ उतरवून पाहा: पात्याच्या भोकाकडेला घासून चकाकलेली चंद्रकोर दिसेल.

मग पावसाळ्यातच घट्ट आवळून ठेवलं तर? तिथेच गफलत होते. फुगलेल्या लाकडाला बोल्टाने जखडलं की त्याचे तंतू चिरडतात आणि कोरडं पडल्यावर लाकूड आधीपेक्षाही बारीक होतं. कुऱ्हाडीचा हलता दांडा रात्रभर पाण्यात बुडवून ठेवण्याच्या युक्तीत हेच घडतं: सकाळी घट्ट, आठवड्याने पहिल्यापेक्षा ढिला. तेव्हा बोल्ट आवळायचा तो लाकूड सुकलेलं असताना, आणि मूठ हलायची थांबेल इतकाच. पितळी बोल्टाचे आटे जोर केला की जातात.

काहींचं म्हणणं, खाचेत इपॉक्सी भरा म्हणजे कायमची कटकट मिटेल. काही महिने मिटतेही. पण मग पातं बदलायला किंवा गंज काढायला मूठ उतरत नाही, आणि लाकडाचं आकसणं काही त्याने थांबत नाही. आवळूनही मूठ हलतच असेल, तर बंद तोंडाच्या नटात बोल्टाचं टोक तळाला टेकलं असण्याची शक्यता मोठी. हाताला घट्ट लागतं, पण लाकूड दाबलं जातच नाही. बोल्टाचं टोक कानशीने किंचित घासावं, नाहीतर डोक्याखाली पातळ वायसर घालावा. अख्खा बोल्टच फिरत असेल तर त्याच्या डोक्याखालच्या चौकोनी भागाचं घर झिजलंय असं समजावं. तिथे लाकडाची बारीक पाचर चिकटवून घर पुन्हा चौकोनी करावं. रिव्हेट मारलेल्या मुठीला मात्र आवळायला काहीच नसतं. तिथे ड्रिलने रिव्हेट काढून बोल्ट बसवणं हाच इलाज.