एक भुर्र आणि दोन र

मैत्रिणींनो, ‘ओला’ म्हटलं की तुम्हांला काय आठवतं? आमच्या भंडारदऱ्यात आषाढात विचाराल, तर दोरीवरचे आठवडाभर न वाळलेले कपडे! पण स्पॅनिश भाषेत ‘ओला’ म्हणजे नमस्कार. लिहिताना आधी ‘एच’ लिहायचा, बोलताना गिळायचा.

हे मला शिकवलं नणंदेच्या लेकीनं. ती अमेरिकेत वाढलेली, शाळेत स्पॅनिश शिकते. सुट्टीत आली ती पाठ घोकतच. पण जिभेला वळण इंग्रजीचं! मांजराला स्पॅनिशमध्ये ‘गातो’ म्हणतात. तिच्या तोंडी त्याचं ‘गाडोउ’ होई. ‘प’ म्हणताना हवेचा फुत्कार सुटे. तुम्ही तळहात ओठांसमोर धरून ‘पापड’ म्हणून पाहा बरं. वारा लागत नाही ना? स्पॅनिश प, त, क असेच कोरडे. ‘त’सुद्धा आपल्यासारखा, दातांना जीभ लावून.

खरी अडचण ‘र’ची. ‘पेरो’ म्हणजे ‘पण’ आणि ‘पेर्रो’ म्हणजे कुत्रा. पोरीची जीभ काही थरथरेना. सासूबाई भाजी निवडत ऐकत होत्या. म्हणाल्या, “अगं, चिमनी कशी उडती? भुर्र!” झालं, दिवसभर घरात भुर्र-भुर्र. तिसऱ्या दिवशी पेर्रो झकास भुंकला!

मला मात्र आतून टोचलं. याच सासूबाई ‘पानी’, ‘लोनी’ म्हणतात म्हणून पाहुण्यांदेखत मी त्यांना टोकत असे. हल्ली चारचौघांत त्या बोलेनाशाच झाल्या होत्या. वर्गातही ‘आनि’ म्हणणाऱ्या मुलाला मी उभं करी. आणि तिकडे पाहा, स्पॅनिशमधला ‘झेड’ स्पेनच्या बऱ्याच भागात जीभ दातांत धरून म्हणतात, मेक्सिकोत सरळ ‘स’. दोन्ही बरोबर!

‘ण’ शिकवायला हवाच. पुस्तकाची भाषा यायला हवी. पण हसून नव्हे. मी आता रोज ५ मिनिटं जोड्या म्हणवून घेते: मन-मण, चार-चारा. आधी ऐकवायचं, मग म्हणवायचं. ‘ण’ला जीभ वर वळते, हे आरशात दाखवायचं. घरचं ‘पानी’ घरी राहू द्यायचं.

भाची परत गेली. परवा पाहुणे आले, तर सासूबाई आपणहून म्हणाल्या, “बसा, पानी घ्या.”

मी मुकाट्यानं तांब्या-भांडं पुढे केलं.