इंद्रजवाच्या तीन वाट्या : वर्गातील कूटप्रश्न आणि एका विद्यार्थ्याचे चिंतन

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील ‘योग्यासूत्रीय’ हा नववा अध्याय वाचकांस परिचित आहेच. पुष्कळ शास्त्र वाचलेला शिष्यदेखील प्रत्यक्ष सराव केल्यावाचून कर्मास अपात्र राहतो, असे सांगून आचार्य लगेच सरावाची साधने मांडतात. छेदनासाठी कोहळा, दुध्या भोपळा, कलिंगड, काकडी. भेदनासाठी पाणी व चिखल भरलेली कातडी पिशवी. वेधनासाठी मृत पशूच्या सिरा व कमळाचे देठ. सीवनासाठी जाड-पातळ वस्त्रांचे काठ व मऊ चामडे. बंधनासाठी माणसाची प्रतिकृती. आहरणासाठी, म्हणजे आत रुतलेले बाहेर काढण्यासाठी, बेल व तोंडली यांच्या जोडीला फणस सांगितला आहे. सावंतवाडीत शिकणाऱ्या विद्यार्थ्यास या साधनाचे मर्म वेगळे समजावून द्यावे लागत नाही. बरक्या फणसाचा गरा न फाडता आठळी अलग करणे किती अवघड, हे ज्याचे हात चिकाने माखले आहेत त्यास विचारावे.

या साधनांचे एक वैशिष्ट्य मला उशिरा जाणवले. त्यातील प्रत्येक वस्तू विद्यार्थ्याला विरोध करते आणि त्याचे काम कसे झाले हे स्वतःच सांगते. काकडी तिरकी कापली गेली की ती तिरकी दिसते; गुरूंनी तसे सांगण्याची वाट पाहावी लागत नाही. वर्गातील कोणत्याही उपक्रमाची परीक्षा मी आता याच कसोटीवर करू लागलो आहे.

मी येथील आयुर्वेद महाविद्यालयात तृतीय व्यावसायिक वर्षात शिकतो. भारतीय चिकित्सापद्धती राष्ट्रीय आयोगाचा २०२० चा कायदा आणि त्यानंतर २०२२ मध्ये आलेले पदवी अभ्यासक्रमाचे विनियम यांमुळे आमच्या तुकड्यांची रचना वाचकांच्या काळापेक्षा बरीच निराळी आहे. अठरा-अठरा महिन्यांची तीन व्यावसायिक वर्षे, नंतर एक वर्षाची आंतरवासिता; आणि अध्यापनात व्याख्यानांपेक्षा व्याख्यानेतर तासांना अधिक वाटा. या तासांत गटचर्चा, रुग्णाधारित अध्ययन, समस्याधारित अध्ययन इत्यादी प्रकार येतात. यांपैकी समस्याधारित अध्ययनाचा आधुनिक प्रारंभ कॅनडातील हॅमिल्टन येथील मॅकमास्टर विद्यापीठात १९६९ साली झाला. तेथे वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना लहान गटांत बसवून आधी रुग्णाची समस्या देत व तिच्या निमित्ताने शास्त्राकडे नेत.

हे सारे आपल्याकडे तद्विद्यसंभाषेच्या रूपाने होतेच, असे म्हणण्याचा मोह अशा वेळी अनेक वक्त्यांना होतो. मला ते पूर्णपणे पटत नाही. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात सांगितलेली संभाषा ही ती विद्या जाणणाऱ्यांची आपसांतील संभाषा आहे. आम्ही ज्या गटात बसतो, तेथे कोणालाच अद्याप विषय येत नसतो. मात्र संधायसंभाषेची जी पथ्ये आचार्यांनी सांगितली, म्हणजे निःशंकपणे विचारावे, निःशंकपणे बोलावे, हरण्याच्या भयाने गप्प राहू नये, ती आमच्या गटांना तंतोतंत लागू पडतात. आमच्या गटांत बहुधा दोघे बोलतात व पाच जण वहीत उतरवून घेतात, हेही येथे सांगावयास हवे.

या उपक्रमांतील पुष्कळसे प्रश्न कागदावरील रुग्णाचे असतात. वय चाळीस, द्रवमलप्रवृत्ती, उदरशूल, आमगंध, जिव्हा साम. निदान व चिकित्सा लिहा. यात जे वाक्य आहे ते उपयोगाचे आहे आणि जे उपयोगाचे नाही ते वाक्य नाही. प्रत्यक्ष बाह्यरुग्ण विभागात मालवणी आजी एवढेच सांगते, ‘पोट बरा नाय.’ मग मलाचे स्वरूप, काल काय खाल्ले, तहान किती, लघवी झाली का, हे एकेक करून काढावे लागते. आणि जलक्षय वाढलेला दिसला तर चूर्ण-क्वाथाचा विचार बाजूस ठेवून शिरेतून द्रव देण्याची सोय आधी पाहावी लागते. कागदावरील रुग्ण विरोध करीत नाही. आमच्या चितार आळीत मिळणारी लाकडी फळे हुबेहूब असतात, परंतु ती कापता येत नाहीत, तसा हा प्रकार. (ही फळे पूर्वापार पांगाऱ्याच्या लाकडाची करीत, म्हणजे आपल्या पारिभद्राचीच.)

योग्यासूत्रीयाच्या कसोटीला उतरलेला असा एकच उपक्रम मला ठळकपणे आठवतो. द्रव्यगुणाच्या तासाला सरांनी टेबलावर तीन वाट्या ठेवल्या. पहिलीत आम्हीच नरेंद्र डोंगराच्या उतारावरील कुड्याच्या शेंगांतून काढलेले बी होते. दुसरीत घाटावरील एका सहाध्यायीने आपल्या गावाहून आणलेल्या काळ्या कुड्याचे, अर्थात राइटिया टिंक्टोरियाचे बी, ज्यास बाजारात गोड इंद्रजव म्हणतात. तिसरीत दुकानातून आणलेला माल. पुडीवर केवळ ‘इंद्रजव’. प्रश्न एवढाच : तिसऱ्या वाटीत काय आहे ?

झाडावर हे दोन कुडे ओळखणे फारसे कठीण नाही. काळ्या कुड्याच्या जोडशेंगा कोवळेपणी टोकाशी एकमेकींना जुळलेल्या असतात, खऱ्या कुड्याच्या सुट्या लोंबतात. काळ्या कुड्याची पाने वाळताना निळसर-काळी पडतात. त्यांपासून निळा रंग काढीत असत. शेंग उघडली तर आणखी एक मौज दिसते. दोहोंच्या बियांना केसांचा झुबका असतो, परंतु खऱ्या कुड्यात तो शेंगेच्या टोकाच्या दिशेस व काळ्यात देठाच्या दिशेस असतो. परंतु पुडीत ना शेंग उरते, ना पान, ना दिशा. केस झडलेले, लांबट, तपकिरी बी तेवढे हाती येते. उरते ती जिव्हा. कुटजाचे बी चावून थुंकले तरी कडूपणा जात नाही. काळ्या कुड्याच्या बियांत तो तसा नाही.

एका गटाने एक दाणा चाखला व ‘कडू’ असे जाहीर केले. दुसऱ्या गटाच्या वाट्यास आलेला दाणा कडू नव्हता. वाद सुरू झाला. सरांनी निर्णय न देता विचारले, किती दाणे चाखल्यावर तुमचे समाधान होईल ? मग खरी अडचण लक्षात आली. एक कडू दाणा चाखल्यावर त्या जिभेला पुढचा प्रत्येक दाणा कडूच लागतो. एकट्या परीक्षकाची साक्ष तेथेच संपते. शेवटी दाणे वाटीच्या तळातून, मधून व वरून घेतले, जणांत वाटले, दोन दाण्यांमध्ये तोंड धुऊन थांबायचे ठरले, आणि कोणता दाणा कोणत्या वाटीतला हे चाखणाऱ्यास कळू दिले नाही. तिसरी वाटी मिश्रणाची निघाली. बहुतांश दाणे कडू, काही निःसंशय तसे नव्हते. ही रीत कोणी शिकविली नव्हती. जिभेने अडवले म्हणून ती सुचली.

काळा कुडा हे निरुपयोगी द्रव्य आहे, असे कोणी समजू नये. सिद्ध चिकित्सेत त्याच्या पानांच्या तेलाला त्वग्विकारांत मान आहे. प्रश्न आहे तो अतिसारात, प्रवाहिकेत कुटज म्हणून दिल्या जाणाऱ्या द्रव्याचा. कुड्याची साल एके काळी ‘तेलिचेरीची साल’ या नावाने युरोपात जात असे व आमांशावर नावाजली होती. पुढे काळ्या कुड्याची साल तिच्या जागी विकली जाऊ लागली, गुण येईना, आणि तेथील वैद्यकाने ते औषधच सोडून दिले. द्रव्याची चूक नसताना द्रव्य बदनाम झाले. आपल्या चिकित्सालयात कुटजारिष्टाने गुण येत नाही, तेव्हा आपण मात्रा बदलतो, अनुपान बदलतो, क्वचित निदानही बदलतो. पुडीवर संशय किती वेळा घेतो?

याच तासाला दुसरा प्रश्न निघाला व तो अद्याप सुटलेला नाही. चरकाच्या कल्पस्थानातील पाचव्या अध्यायात कुटजाचे पुरुष व स्त्री असे भेद आहेत. पुरुष मोठ्या फळाचा, पांढऱ्या फुलाचा, स्निग्ध पानाचा. स्त्री श्याम-अरुण फुलांची व लहान फळांची. पाठ्यपुस्तकी उत्तर असे की पुरुष म्हणजे खरा कुडा व स्त्री म्हणजे काळा कुडा. परंतु काळ्या कुड्याची फुले पांढरीच असतात आणि शेंगाही चांगल्या लांब असतात. एका विद्यार्थिनीने लवयुक्त पानांच्या राइटिया टोमेंटोसाचे नाव सुचविले. त्याच्या फुलात नारिंगी-तांबूस छटा येते. पण त्याच्या शेंगा आखूड असल्या तरी जाडजूड, त्यांना लहान कसे म्हणावे ? सरांनी फळ्यावर काहीच लिहिले नाही. तो तास संपल्यावरही आम्ही बोलत राहिलो, असे आमच्या वर्गात क्वचित घडते.

परीक्षेचे चित्र वेगळे आहे. शंभर गुणांच्या लेखी परीक्षेत २० गुण बहुपर्यायी प्रश्नांना, ४० लघूत्तरी व ४० दीर्घोत्तरी प्रश्नांना. कुटजावर दीर्घोत्तरी प्रश्न आला की गण, पर्याय, रस, गुण, वीर्य, विपाक, कर्म, आमयिक प्रयोग या क्रमाने लिहावयाचे. ज्याने तिसरी वाटी चाखली व ज्याने चाखली नाही, ते दोघेही येथे समान गुण मिळवितात. पाठांतराला मी कमी लेखत नाही. चरकाचे वचन मुखोद्गत असणाऱ्या विद्यार्थिनीलाच फुलांचा रंग खटकला होता.

येथे या अंकाच्या वाचकांकडे, विशेषतः औषधनिर्माते व औषधालयांचे चालक यांच्याकडे, एक मागणे आहे. अनुसूची ‘टी’ २००० साली लागू झाल्यापासून कच्च्या द्रव्याची ओळख पटविणे ही निर्मात्याची जबाबदारी आहे, आणि त्यापायी कोणता ना कोणता माल आपल्याकडे नाकारला जात असणार. तो परत पाठविण्यापूर्वी त्यातील मूठभर माल, नाकारण्याचे कारण न लिहिता, जवळच्या महाविद्यालयास द्यावा. विक्रेत्याचे नाव नको. अशोकाच्या जागी आलेली आसुपालवाची साल, वावडिंगात मिसळलेली परकी फळे, नागकेशर म्हणून आलेल्या सुरंगीच्या कळ्या; सुरंगी तर आमच्या जिल्ह्याचेच वैभव, तिचे गजरे येथील बाजारात हातोहात खपतात, आणि वाळल्यावर तीच कळी लाल नागकेशराच्या नावाने पोत्यात जाते. असे नमुने विद्यापीठ देऊ शकत नाही, ते आपल्याच गोदामात आहेत. वैद्यांनी आंतरवासितेतील विद्यार्थ्यास आपल्याजवळ बसवावे, आणि रुग्ण बोलून झाल्यावर स्वतःचे निदान सांगण्यापूर्वी त्यास दोन प्रश्न विचारू द्यावेत.

स्त्रीकुटजाचा प्रश्न आमच्या गटाच्या वहीत उघडाच आहे. थंडीत कुड्याच्या शेंगा तडकू लागतील, तेव्हा पुन्हा डोंगरावर जाणे होईल. तांबूस फुलांचा कुडा कोणाच्या पाहण्यात असल्यास फुलासह एक फांदी वर्तमानपत्रात दाबून, गाव व तारीख लिहून, संपादकांकडे पाठवावी. शेंगही मिळाल्यास ती न उघडता पाठवावी, म्हणजे झुबक्याची दिशा कळेल.