शेवटच्या कडव्यातला वामन

वामनदादा कर्डकांची गाणी महाराष्ट्रभर गेली ती तबकड्यांच्या जोरावर नव्हे, माणसांच्या तोंडून. गावात गायन पार्टी यायची, विहाराच्या ओट्यावर पेटी-ढोलकी लागायची, कार्यक्रम रात्रभर चालायचा आणि पहाटे घरी परतणाऱ्या पोरांना दोन-तीन ध्रुवपदं पाठ झालेली असायची. आज तीच गाणी अमेरिका, ब्रिटन आणि आखाती देशांतल्या मराठी कुटुंबांच्या भीमजयंतीत वाजतात. ती ऐकणारी नवी पिढी तिकडेच जन्मलेली आहे. शेजारच्या खुर्चीवर पंजाबी किंवा तेलुगू आंबेडकरी मित्र बसलेला असतो, त्याला तर मराठीचा गंधही नसतो. नाशिक जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या गीतकाराला इतका लांबचा श्रोता मिळावा, ही आनंदाची गोष्ट आहे. पण या प्रवासात एक गोष्ट वाटेत गळते आहे, आणि हा लेख तिच्यासाठी आहे.

वामनदादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा. ते सात-आठ वर्षांचे असताना, २ मार्च १९३० रोजी, नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली. बाबासाहेबांचे सहकारी दादासाहेब गायकवाडही याच जिल्ह्याचे. चळवळीबरोबर जलसेही उभे राहिले. 'आंबेडकरी जलसे' हा महत्त्वाचा ग्रंथ लिहिणारे भीमराव कर्डक नाशिक जिल्ह्याचेच. म्हणजे वामनदादांच्या गाण्याखालची जमीन आधीच नांगरलेली होती.

शाळा मात्र त्यांच्या वाट्याला आली नाही. पोटासाठी मुंबई गाठली, पडेल ते काम केलं. शिवडीच्या चाळीत कुणीतरी त्यांच्यासमोर पत्र धरलं आणि वाचून दाखवायला सांगितलं. ते येईना, म्हणून ते रडले. पुढे देहलवी नावाच्या शिक्षकांनी त्यांना मुळाक्षरं शिकवली. जोडाक्षरं त्यांनी दुकानांच्या पाट्या वाचत गिरवली. ३ मे १९४३ ला पहिलं गीत रचलं, तेही एका गाजत असलेल्या हिंदी सिनेगीताच्या चालीवर. त्यानंतर १५ मे २००४ ला नाशकात डोळे मिटेपर्यंत हा माणूस लिहीत आणि गात राहिला. 'वाटचाल', 'मोहळ', 'हे गीत वामनाचे' हे संग्रह निघाले, 'माझ्या जीवनाचं गाणं' हे आत्मकथन आलं. तरी पुस्तकांत मावलं त्यापेक्षा कितीतरी अधिक गाण्यांत राहिलं.

ऐकलेल्या चालीवर गाणं रचणं याला काही जण आजही कमी लेखतात. मला ते साफ चुकीचं वाटतं. ज्याच्याकडे वाद्यवृंद नाही, रेडिओ नाही, छापखाना नाही, त्याच्यासाठी लोकांच्या ओठांवर आधीच बसलेली चाल हेच वाहन. याचा जगातला सर्वांत ठसठशीत दाखला स्वीडनचा आहे. येव्ले गावात १८७९ साली जन्मलेला योएल हेग्लुंड १९०२ मध्ये अमेरिकेत गेला, हमाली-मजुरी करत फिरला आणि जो हिल या नावानं कामगारांची गाणी लिहू लागला. चर्चमधल्या प्रार्थनागीतांच्या चाली तो उचलायचा आणि त्यांत मालकशाहीवरचे शब्द भरायचा. १९ नोव्हेंबर १९१५ ला युटा राज्यात खुनाच्या आरोपाखाली त्याला गोळ्या घालण्यात आल्या. तो खटला आजही वादग्रस्त आहे. १९६९ मध्ये वुडस्टॉक संगीत महोत्सवाच्या मंचावर गायिका जोन बाएझनं त्याच्यावरचं गाणं म्हटलं, तेव्हा त्याला जाऊन अर्धशतक उलटलं होतं.

त्याची गाणी टिकली याचं एक साधं कारण आहे. त्याच्या कामगार संघटनेनं खिशात मावेल असं लाल गीतपुस्तक काढलं होतं, आणि त्यात गाण्यासोबत रचणाऱ्याचं नाव आणि कोणत्या चालीवर म्हणायचं तेही छापलेलं असे. परक्या देशातला, परक्या भाषेतला गाणाराही त्यावरून गाणं उभं करू शकत होता.

वामनदादांनी आपलं नाव टिकवण्याची सोय गाण्यातच केली होती. संतांच्या अभंगात तुका, नामा येतो, तसा त्यांच्या कितीतरी गीतांच्या शेवटच्या कडव्यात 'वामन' येतो. पुस्तक हरवलं, कागद फाटला, तरी गाणं पुरं म्हटलं की रचणारा कोण ते कळतं. पण मोबाइलवर फिरतो तो अर्ध्या मिनिटाचा तुकडा. त्यात ध्रुवपद असतं, ढोलकीचा ठेका असतो, फार तर पहिलं कडवं असतं. शेवटचं कडवं कापलं जातं आणि त्याच्याबरोबर वामनही. खाली नाव असतं ते गाणाऱ्याचं, नाहीतर चित्रफीत टाकणाऱ्याचं. कॅसेटच्या काळातही वेष्टनावर ठळक छापला जायचा तो गायकच. पण निदान गाणं पुरं असायचं.

काय गमावतो आहोत, ते त्यांच्या एका गाजलेल्या गाण्याकडे पाहून कळेल. देशातल्या बड्या कारखानदारांची नावं घेऊन ते विचारतात, या संपत्तीतला आमचा वाटा गेला कुठे? रचनेची गंमत अशी की त्या आडनावांशी यमक जुळवणारा शब्द हाच मागणीचा शब्द आहे. नाव उच्चारलं की कानाला पुढचा शब्द हवासा वाटतो, आणि तो आला की आपण नकळत हिशेब मागून बसलेले असतो. कोरसनं तो ओढून धरला की अख्खा मांडव प्रश्न विचारतो. मराठी न येणाऱ्यालाही टाटा हे नाव कळतं, आवाजातली जाब विचारण्याची धार कळते. अर्थशास्त्राचा एक अख्खा धडा दोन ओळींत बसवणारी ही कारागिरी आहे, आणि ती एका विशिष्ट माणसाची आहे. 'पारंपरिक भीमगीत' म्हणून ती निनावी करून टाकणं अन्यायाचं आहे.

परदेशात या गाण्यांसाठी कान तयार झाले त्याला सिनेमाचाही हातभार आहे. आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' २०११ मध्ये आला. शाहीर विलास घोगरे यांच्या आत्महत्येपासून सुरू होणाऱ्या या माहितीपटानं जलशाची, कव्वालीची, वस्तीतल्या गायनाची परंपरा जगभरच्या प्रेक्षकांपुढे ठेवली. २०१४ मध्ये चैतन्य ताम्हाणेंच्या 'कोर्ट'ला व्हेनिसच्या महोत्सवात पुरस्कार मिळाले. त्याचा नायकच लोकशाहीर आहे आणि त्यातली गाणी संभाजी भगत यांची आहेत. २०२३ च्या फेब्रुवारीत सिअॅटल शहरानं जातिभेदाला कायद्यानं बंदी केली, तर १४ ऑक्टोबरला मेरीलँडमध्ये राम सुतारांनी घडवलेला बाबासाहेबांचा १९ फुटी पुतळा उभा राहिला. जात म्हणजे काय, हे तिथल्या लोकांना आता समजून घ्यायचं आहे. अशा वेळी वामनदादांचं गाणं त्यांच्या हाती अर्धवट आणि बेनाव पडू नये.

चाहत्यांनी खपून गीतसंग्रह काढले आहेत, त्यांचे उपकारच आहेत. पण पुस्तकात चाल उतरत नाही. ती आहे त्यांच्यासोबत पेटी धरलेल्या, कोरस ओढलेल्या माणसांच्या गळ्यात, आणि ती माणसं आता थकली आहेत. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ नाशकातच आहे. त्यानं मनावर घेतलं तर सिन्नर, येवला, निफाड, मनमाडच्या गायन पार्ट्यांपासून या चाली ध्वनिमुद्रित करण्याचं काम सुरू करता येईल.

तोवर थांबायचंही कारण नाही. तुमच्या वस्तीत असा एखादा जुना गाणारा असेल, तर या दिवाळीच्या सुटीत त्याच्याकडे जा. गाणं पहिल्या ओळीपासून वामनाच्या नावापर्यंत पुरं म्हणवून घ्या, चाल कुठली आणि ते प्रथम कुठे म्हटलं तेही विचारा. परदेशातल्या भाचरांना पाठवाल तेव्हा तुकडा पाठवू नका, अख्खं गाणं पाठवा, आणि खाली लिहा: गीतकार वामनदादा कर्डक, देशवंडी, तालुका सिन्नर, जिल्हा नाशिक.