बोल्टाच्या तोंडाचा पहिला आटा

बोल्ट निकामी ठरतो तो बहुतेक वेळा टोकाच्या एक-दीड आट्यामुळे. बाकीचे आटे शाबूत असतात, पोलाद चांगले असते, डोक्याचे षटकोनी कंगोरेही झिजलेले नसतात. पण तोंडाशी हातोड्याचा घाव बसलेला असतो, किंवा कापताना राहिलेली बर, म्हणजे धातूची बारीक कडा, आट्याच्या खाचेत वळलेली असते. नट तिथे अडतो. पाना लावून तो रेटला की तिरका चढतो आणि नटाचेही आटे जातात. एक-दोन मिलिमीटरच्या दोषापायी बोल्ट आणि नट दोन्ही भंगारात पडतात.

पुणे जिल्ह्यातल्या भोर आणि राजगड (पूर्वीचा वेल्हे) तालुक्यांत अशी वेळ येते ती नेमकी कामाच्या ऐन धांदलीत. हिरडस मावळात, गुंजण मावळात, कानद खोऱ्यात भात हेच मुख्य पीक. चिखलणी पॉवर टिलरवर होऊ लागल्यापासून नट-बोल्ट शेताच्या बांधावर आले आहेत. टिलरची पाती चिखलात आणि दगडगोट्यांत फिरतात, तेव्हा बोल्टाचे बाहेर आलेले टोक घासते आणि ठेचते. पावसाळा संपला की यंत्र गोठ्यात किंवा पडवीत उभे राहते, ओल आट्यांत शिरते आणि नट गंजाने धरतो. पुढच्या जूनमध्ये पाती बदलायला घेतली की नट अर्धा निघतो आणि अडकतो. मग बोल्ट मागे ठोकून काढला जातो आणि पहिला आटा तिथेच बसतो. केळदसारख्या घाटमाथ्याजवळच्या गावातून एका बोल्टासाठी वेल्ह्याला किंवा नसरापूरला जायचे म्हटले तर दिवस मोडतो. लावणीच्या आठवड्यातला दिवस बोल्टाच्या किमतीत मोजता येत नाही.

दुरुस्ती समजायची तर आट्याची मापे पाहावी लागतात. 12 मिलिमीटर व्यासाच्या नेहमीच्या मेट्रिक बोल्टावर दोन आट्यांमधले अंतर 1.75 मिलिमीटर असते. त्यालाच पिच म्हणतात. आट्याची खोली जेमतेम 1 मिलिमीटर भरते. नवा बोल्ट कारखान्यातून येतो तेव्हा त्याच्या टोकाला सुमारे 45 अंशांचा उतार दिलेला असतो. या उतारामुळे टोकाचा व्यास आट्याच्या तळाएवढा होतो, नट आपोआप मध्यावर बसतो आणि आटे एकमेकांत सरळ शिरतात. टोक ठेचले की हा उतारच नाहीसा होतो. म्हणून दुरुस्ती मुळात आट्याची नसून गेलेला उतार परत आणण्याची असते.

हे काम करणारे ड्रिलला लावायचे डिबरिंगचे, म्हणजे बर काढण्याचे, हत्यार दिसायला छोट्या वाटीसारखे असते. मागे षटकोनी दांडी, ती ड्रिलच्या चकमध्ये बसते. पुढे शंकूसारखी पोकळी आणि तिच्या आतल्या बाजूने तिरकी बसवलेली कडक पोलादाची किंवा कार्बाइडची पाती. शिसपेन्सिलीला टोक करण्याचे यंत्र डोळ्यांसमोर आणले की रचना लगेच कळते. बोल्टाचे टोक पोकळीत गेले की पाती चारी बाजूंनी कडेला टेकतात आणि फिरता फिरता ती तासतात. पोकळी शंकूची असल्यामुळे बोल्ट स्वतःच मध्यावर येतो. एकच हत्यार बारीक बोल्टापासून साधारण 19 मिलिमीटरच्या बोल्टापर्यंत चालते. कानशीने हाच उतार देता येतो आणि जुने फिटर तो सुरेख देतात; पण त्याला वाइस लागतो, सराव लागतो. यंत्रात घट्ट बसलेल्या, नुसते टोक बाहेर असलेल्या बोल्टाला कानस सगळीकडून फिरवणे तर फारच अवघड.

कामाआधी तारेच्या ब्रशने गंज आणि चिखल काढावा लागतो, कारण वाळूच्या कणांनी पात्यांची धार लगेच जाते. सुटा बोल्ट असेल तर तो वाइसमध्ये धरायचा. मात्र आट्यांवर वाइसचे दात बसू नयेत म्हणून मध्ये लाकडाची किंवा ॲल्युमिनियमची पट्टी ठेवायची. टोकाला दोन थेंब तेल टाकायचे. ड्रिल बोल्टाच्या अगदी सरळ रेषेत हवे आणि वेग कमी. 12 मिलिमीटरच्या बोल्टावर ड्रिल मिनिटाला 500 फेऱ्यांनी फिरले तर पात्याची धार कडेवरून मिनिटाला सुमारे 19 मीटर सरकते, आणि साध्या पोलादाला तेवढे पुरते. वेग वाढवला तर हत्यार थरथरते, कडा खडबडीत निघते आणि पाती तापून मऊ पडू शकतात. दाब हलकाच द्यायचा आणि दर काही सेकंदांनी उचलून पाहायचे. ठेचलेला भाग जाऊन आट्याची खाच तोंडाशी स्वच्छ उघडली की थांबायचे. उरलेला बारीक कीस ब्रशने काढायचा आणि नट बोटांनी फिरवून पाहायचा. आधी अर्धी फेरी उलटी द्यावी. आट्यांची तोंडे जुळली की हाताला हलका ठोका जाणवतो, मग नट सरळ फिरवावा. डोळ्याला चष्मा हवाच, आणि हातमोजे मात्र नकोत, कारण फिरत्या चकमध्ये मोजा अडकला तर हात ओढला जातो.

यात बोल्टाची ताकद कमी होते का, ही शंका रास्त आहे. 12 मिलिमीटरच्या नटात साधारण सहा आटे धरतात आणि सगळ्यांत जास्त भार नटाच्या टेकणाऱ्या बाजूच्या पहिल्या आट्यावर येतो. बोल्टाचे टोक दुसऱ्या बाजूला असते. दोन आटे नटाच्या बाहेर राहत असतील तर तासलेल्या एक-दीड मिलिमीटरवर काहीच भार नसतो. बोल्ट मुळात आखूड असेल आणि टोक नटाच्या आतच राहत असेल, तर मात्र तासण्याऐवजी लांब बोल्ट आणावा.

या हत्याराचा मोठा गुण असा की त्याला पिचशी किंवा आट्याच्या कोनाशी काही देणेघेणे नाही. जोसेफ व्हिटवर्थ यांनी 1841 मध्ये इंग्लंडमध्ये आट्यांचे पहिले प्रमाण सुचवले, त्यात आट्याचा कोन 55 अंश होता. मेट्रिक आट्याचा कोन 60 अंश. भारतात मेट्रिक मापांचा कायदा 1956 मध्ये झाला, तरी जुन्या इंजिनांवर आणि पंपांवर इंची बोल्ट अजून सापडतात. अर्ध्या इंचाचा व्हिटवर्थ बोल्ट 12.7 मिलिमीटरचा असतो आणि त्यावर इंचाला 12 आटे असतात. तो 12 मिलिमीटरचा समजून त्यावर मेट्रिक डाय, म्हणजे आटे पाडायचे हत्यार, फिरवली तर उरलेले चांगले आटेही कापले जातात. डिबरिंगच्या हत्याराने असा घात होत नाही; ते फक्त तोंडाची कडा घेते.

त्याची मर्यादाही याच गुणातून येते. आटा मध्यावर दबला असेल तर हे हत्यार तिथपर्यंत पोचतच नाही. तिथे त्याच पिचची डायनट किंवा आट्यांची चौकोनी कानस लागते. आटे लांबवर सोलले गेले असतील तर तो बोल्ट टाकूनच द्यावा. डोक्यावर 8.8 असा आकडा असलेला बोल्ट चांगल्या पात्यांनी तासला जातो, 12.9 चा बोल्ट इतका कडक असतो की पातीच बोथट होतात. ब्रेक, स्टिअरिंग आणि चाकाचे बोल्ट मात्र दुरुस्त न करता बदलावेत, मग दुकान कितीही लांब असो.

हे हत्यार सर्वांत जास्त उपयोगी पडते ते कापलेल्या आट्यांच्या सळईवर. गोठ्याचा किंवा घराचा पत्रा बसवताना हुक आणि सळया मापाप्रमाणे हॅकसॉने कापाव्या लागतात, आणि प्रत्येक काप बर सोडतो. कापण्याआधी सळईवर एक नट चढवून ठेवायची जुनी युक्ती आजही उत्तम आहे: कापून झाल्यावर तो नट बाहेर फिरवत आणला की वाकलेला आटा सरळ होतो. त्याआधी टोकाला उतार दिला तर नट अडत नाही. जस्ताचा मुलामा दिलेल्या सळईचा मुलामा तासलेल्या जागी निघून जातो आणि पावसाळ्यात गंज तिथूनच सुरू होतो. अशा टोकावर लगेच जस्तयुक्त रंग लावावा. शेतीच्या यंत्राच्या बोल्टाला नट चढवण्याआधी आट्यांत ग्रीस भरावे.